तुझी ती बसकी लाल गाडी

तू गाडी बंद केलीस.

चाबी फिरवलीस, इंजिन गप झालं आणि मंदाचा श्वास ऐकू आला. तोवर आवाजात तो ऐकू येत नव्हता. माझी सून पुढच्या सीटवर मान टाकून पडली होती. पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा झाला होता, दातांच्या फटीत रक्त दिसत होतं. घोणस चावलेलं माणूस मी आधी पाहिलं होतं. ते रक्त दिसायला लागलं की पुढे काय होतं हेही पाहिलं होतं. मी मागे होते, गुडघे हनुवटीला लावून. दवाखाना अजून दूर होता, आणि भर रस्त्यात तू गाडी बंद केलीस.

"काऊन थांबला?" मी विचारलं.

तू हनुवटीनं पुढे दाखवलंस. रस्त्याच्या मधोमध वाघीण उभी होती.

सफारीच्या उघड्या जीपमधून जनावर खाली दिसतं, असं लोक सांगतात. तुझ्या गाडीतून ते खाली दिसत नव्हतं. तिचं डोकं आणि आपली डोकी एका उंचीवर होती. आपण जेवायला पाटावर बसावं आणि ती समोरच्या पाटावर असावी, तसं.

दिवाकर, परवा तुझी तेरवी झाली. तुझ्याबद्दल लोकांना जे बोलायचं होतं ते बोलून झालं. तू किती पाहुण्यांना वाघ दाखवलेस, किती मोठमोठी माणसं तुझ्या जीपमध्ये बसली, हे सगळं झालं. मला कोणी बोलायला सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी मी उठले नसते. पण त्या दिवसाचा आपला वाद अर्धा राहिला आहे. तू दुपारी पंख्याखाली झोपलास तो उठलाच नाहीस. वाद घालणारं माणूस असं मधूनच उठून गेलं की राग येतो. म्हणून लिहिते.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तू शाळेत जात होतास आणि चड्डीचं बटण तुटलं की माझ्याकडे यायचास. नात्यानं दीर, पण मी तुला भाऊजी कधी म्हटलं नाही. तुझं लग्न झाल्यावर शांतानं मला एकदा टोकलं, की चारचौघांत तरी भाऊजी म्हणा. मी तिला म्हटलं, ज्याचं नाक पुसलं त्याले काय भाऊजी म्हनू? ती बिचारी हसली. तीही गेली आता. तिकडे तुझं नाक ती पुसत असेल.

तर गाडी.

कंबर गेली म्हणून तू मोहर्लीची सफारीची जीप सोडलीस, तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं की आता घरची गाडी येईल. उंच, सात माणसांची, मागे पोती टाकता येतील अशी. तसं सगळ्यांनी तुला सांगितलंही होतं. आणि तू नागपूरच्या कोण्या पाहुण्याची जुनी गाडी घेऊन आलास. लाल, दोन दारांची, इतकी बसकी की आमची कोंबडी खालून जाताना मान खाली घालायची. गल्लीतली पोरं हात लावून पाहत होती आणि मोठी माणसं तोंडाला पदर, रुमाल लावून हसत होती. मी हसले नाही. मला राग आला होता.

"याच्यात धान येते का?" मी विचारलं.

"नाई येत."

"खत?"

"एक बोरी येते, वैनी. पुढच्या सीटवर."

"मानसं?"

"दोन सुखानं येतात. बाकीचे दुखानं."

खताची बोरी तू खरंच पुढच्या सीटवर आणायचास. वर तिला पट्टा लावायचास, नाहीतर गाडी ओरडायची म्हणे. तू बाजूनं गेलास की लोक म्हणायचे, पाहा, दिवाकर पाहुणीला घेऊन चालला.

त्या गाडीत बसणं ही एक विद्या होती. आधी पाठ करायची, मग पडायचं, मग पाय आत घ्यायचे. उतरताना उलटं. माझ्या गुडघ्यांना ते जमेना. मग तू माझे दोन्ही हात धरून मला विहिरीतून बादली काढावी तसं ओढायचास. मागे बसायचं तर पुढची सीट पाडून, वाकून, लुगडं सांभाळून शिरावं लागे. मागे बसलेल्याला दार नाही. पुढचा उतरेल तेव्हा आपण. मी म्हणायचे, या गाडीत मागचं माणूस म्हणजे सामान. तू म्हणायचास, सामान कमी बोलते.

आणि ते ब्रेकर. आपल्याकडे कोणाचं वासरू गाडीखाली आलं की दुसऱ्या दिवशी गावकरी दगड-मुरूम टाकून रस्त्यावर उंचवटा करतात. त्याला माप नसतं. वासरू जितकं लाडकं तितका ब्रेकर उंच. तुझ्या गाडीचं पोट प्रत्येकाला घासायचं. म्हणून तू ब्रेकरच्या आधी थांबायचास आणि सांगायचास, उतरा मंडळी. आम्ही उतरायचो, पायी पलीकडे जायचो, गाडी रिकामी होऊन हळूच तिरपी ब्रेकर चढायची, मग आम्ही पुन्हा पाठ करून, पडून, पाय आत घ्यायचो. बाजारात पोचेपर्यंत अर्धा रस्ता आम्ही चाललेलो असायचो. एकदा आम्ही असे ब्रेकर ओलांडत असताना मागून बैलगाडीवाला आला आणि त्यानं विचारलं, बंद पडली का? तू म्हणालास, नाई, चालू आहे. त्याला ते समजलं नाही. मलाही नाही.

पावसाळ्यात ती गाडी घरापर्यंत यायची नाही. घराकडच्या कच्च्या पांदणीचा चिखल बैलाला झेपत नाही, तर तिची ती रुंद चाकं काय करणार. तू डांबरी रस्त्यावर हातपंपाजवळ ताडपत्री घालून ती उभी करायचास आणि चप्पल हातात घेऊन घरी यायचास. टायर फुटला तर चंद्रपुरात मिळायचा नाही, नागपूरहून मागवावा लागे. एकदा तर ती विटांवर उभी होती इतके दिवस, की कोंबडीनं तिच्याखाली अंडी घातली आणि तू अंडी उबवून होईपर्यंत गाडी हलवायला तयार नव्हतास. टायर येऊन पडला होता तरी.

पण मी नुसती खोट काढत नाही. चंद्रपूरच्या बाजारात, जिथे मोठ्या गाडीवाले जागा शोधत फिरायचे, तिथे तू दोन हातगाड्यांच्या मधे तिला सरकवायचास. अरुंद रस्त्यावर इतरांना मागे-पुढे, मागे-पुढे करावं लागे, तू एका फेऱ्यात वळवायचास. उन्हाळ्यात तिचा आतला गारवा एवढ्याशा डब्यात लगेच व्हायचा. आणि ब्रेक. एकदा रानडुक्कर मधे आलं तेव्हा ती जागच्या जागी थांबली. डुकरालाच नवल वाटलं असेल.

मला खरं कोडं होतं ते वेगळंच. गाडी पळणारी आणि तू पळवायचा नाहीस. उमर जंगलात हळू चालवण्यात गेली होती तुझी. एक कान खिडकीबाहेर. माकडानं खाकरलं, चितळानं हाक दिली की तुझा पाय आपोआप वर. गाडीत गाणं लावायचा नाहीस, कारण मग जंगल ऐकू येत नाही. आणि जनावर दिसलं की इंजिन बंद. जीपवाल्यांची रीत. मी तुला चिडवायचे की घोडा आणला अन् बकरीसारखा चालवतोस, मग घेतला कशाला. तू नुसता हसायचास.

एकदाच सांगितलंस. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ते दाखवायला तू मला घेऊन निघाला होतास. जंगल संपलं, नाका गेला, पुढे रस्ता मोकळा आणि रुंद झाला. तू म्हणालास, "वैनी, साऱ्या उमरीत मी दुसऱ्याइले वाघ दाखवाले हळू चालवली. आता थोडी माह्यासाठी चालवतो." आणि तू पाय दाबलास.

दिवाकर, मी तेव्हा तुला शिव्या दिल्या. ते तुझं वय आहे का, ते माझं वय आहे का, वगैरे. कोळशाचे ट्रक आपल्या बाजूनं मागे पडत होते जसे उभे आहेत. गाडी रस्त्याला चिकटली होती, वळणावर हलली नाही. तू विचारलंस, भेव वाटते का? मी म्हटलं, रस्त्याकडे पाह्य. तुला कधी सांगितलं नाही, पण मला ते फार आवडलं होतं. परत येताना तू पुन्हा तसाच पळवशील म्हणून मी जंगलाचा नाका येईपर्यंत वाट पाहत होते, आणि तू हळूच चालवत आलास, कारण माझ्या डोळ्यात औषध घातलं होतं.

आता तो दिवस.

रोवणी चालू होती. मंदा धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर रोपांचे परे उचलायला वाकली आणि तिथे घोणस होती. आमचं दोघींचं त्या सकाळीच भांडण झालं होतं, कशावरून ते आता आठवतही नाही. ती ओरडली तेव्हा मला आधी वाटलं की उरलेलं भांडण आता काढून राह्यली. मग पाय पाहिला.

सरकारी गाडीला फोन लावला, ती दुसऱ्या गावाला गेली होती. कोणी म्हणालं, आधी विष उतरवणाऱ्याकडे न्या, मग पाहू. दोघातिघांनी मान हलवली. माझीही हलली असती, इतकी मी गोंधळले होते. तू खाट आणा म्हणालास. खाटेवर घालून चौघांनी तिला चिखलातून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. खाट तिरपी होत होती, माणसं घसरत होती. मोठी गाडी असती तर बांधीपर्यंत आली असती. हे मी तेव्हाच म्हटलं, खाटेच्या मागे धावता धावता.

मागे झोपवायला जागा नव्हती. पुढच्या सीटची पाठ पाडून तिला ठेवलं, मी मागे सामान झाले, आणि निघालो. त्या दिवशी तू जंगलातही पळवलीस. माकडं खाकरली तरी पाय उचलला नाहीस. मला वाटलं, बरं झालं, आज हा जीपवाला नाही.

आणि मग त्या चढावर तू गाडी बंद केलीस.

वाघिणीच्या पलीकडे एक पिल्लू होतं. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा आपल्याकडे, आणि रस्त्यावर बसली. बसलीच. गारवा बंद झाला होता, काचा वाफेनं भरायला लागल्या होत्या. मी पुढे वाकून हॉर्नकडे हात घातला. तू माझं मनगट धरलंस. उभ्या जन्मात तू माझा हात असा धरला नव्हतास.

"एक पिल्लू आपल्या बाजूनं आहे," तू म्हणालास. "डावीकडं, बांबूत. ते गेल्याबिगर ती हटनार नाई."

"मंदा मरून राह्यली, दिवाकर."

"मले दिसते."

एवढंच. आणि तू हातब्रेक सोडलास. इंजिन न लावता. चढावर उभी होती, ती आपल्याच वजनानं मागे घरंगळायला लागली. आवाज नाही, धूर नाही. तू मान वळवून मागच्या काचेतून पाहत होतास, माझ्या डोक्याच्या बाजूनं, आणि तुझ्या कपाळावरून घाम माझ्या खांद्यावर पडत होता. बंद गाडीचा ब्रेक दगडासारखा होतो हे तू मला नंतर सांगितलंस. तेव्हा फक्त तुझी मांडी थरथरताना दिसली. गाडी मागे गेली, थांबली. बांबू हलला. पिल्लू बाहेर आलं, रस्ता ओलांडून आईच्या अंगावरून उडी मारून गेलं, जसं काही खेळच आहे. ती उठली. आपल्याकडे पाहिलंही नाही. गेली.

तू चाबी फिरवलीस आणि पुढचं मला नीट आठवत नाही, कारण मी डोळे मिटले होते. ब्रेकर आठवतात. कुठेही उतरा मंडळी झालं नाही. एका ब्रेकरवर खालून काहीतरी तुटलं, तू मागे पाहिलं नाहीस. सायलेन्सर होता तो. तिथून पुढे गाडी विमानासारखी गर्जत चंद्रपूरला शिरली. लोक आपोआप बाजूला होत होते. सरकारी दवाखान्याच्या दारात आख्खा वऱ्हांडा बाहेर आला. मंदाला त्या खड्ड्यातून काढायला तिथल्या माणसांना जमेना, तेव्हा तू तिच्या काखेत हात घालून, मला ओढायचास तसंच, तिला ओढून काढलंस. तुझी कंबर तिथून पुढे कधी सरळ झाली नाही.

सुया लागल्या, बाटल्या लागल्या. आपण दोघं बाकावर बसून होतो. तू मला चहा आणून दिलास आणि मी तुला म्हटलं, हॉर्न मारला असता तर ती उठून गेली असती.

वाद तिथून सुरू झाला.

तू म्हणायचास, हॉर्न मारला असता तर ती काचेवर आली असती. मी म्हणायचे, उंच गाडी असती तर काचेपर्यंत पोचली नसती. तू म्हणायचास, जड गाडी असती तर अशी मुकाट मागे घरंगळली नसती. मी म्हणायचे, घरंगळली नसती तर नसती, पण बांधीपर्यंत आली असती. इथे तू गप व्हायचास. दरवेळी इथेच. मग थोड्या वेळानं म्हणायचास, पन पुढं पळाली नसती. आणि मी तुला भाकर वाढायचे. पोळ्याला हा वाद झाला, दिवाळीला झाला, मंदाच्या देखत झाला. ती एकदा म्हणाली, तुमी दोघं माह्या मरनावर असे भांडता जसं ते बाकी आहे. मी तिला म्हटलं, तू मधात बोलू नको.

तू बरोबर होतास की मी, ते मला अजून माहीत नाही. तुलाही माहीत नव्हतं. तू तसं शेवटी कबूल केलं असतंस, अजून दोनचार पोळे गेले असते तर. आता मी दोन्ही बाजूंनी एकटीच बोलते आणि ते जमत नाही, कारण तुझ्या बाजूनं बोलताना मला राग येत नाही.

आभार मी तुझे मानले नाहीत. आपल्यात ती रीत नाही. मानले असते तर तू घाबरून गेला असतास, की वैनीला काही झालं का. पण तुझी कंबर पूर्ण गेल्यावर मंदा तुझ्या घरी रोज डबा घेऊन जायची, ते तिला मी सांगितलं नव्हतं. तिनं आपणहून सुरू केलं. ती येऊन सांगायची, काकानं आज दोन घास जास्त खाल्ले. आणि मी म्हणायचे, मग काय झालं. तिच्या हातची भाजी तुला आवडायची, माझ्यापेक्षा जास्त. तेही तू मला सांगितलं नाहीस. मला तिनंच सांगितलं, आणि बराच आनंद झाला होता तिला सांगताना.

काल चिमूरचा एक मुलगा गाडी पाहायला आला होता. सलीम नाव, कापडाचं दुकान आहे. तुझ्या मुलानं नागपूरहून पाठवला. सोबत त्याची आई होती, माझ्याच वयाची. तुझा मुलगा फोनवर म्हणाला, मोठीआई, गाडीचं चांगलं सांग. मी त्या दोघांना होतं ते सगळं सांगितलं. पोतं येत नाही. मागे माणूस बसवू नका. ब्रेकरला उतरा. पावसात डांबर सोडून खाली नेऊ नका. टायर नागपूरचा. पळते मात्र, आणि थांबते.

सलीमची आई ऐकत होती. तिनं गाडीत बसून पाहिलं आणि मग तिला उठता येईना. मी तिला सांगितलं, बाई, आधी दोन्ही पाय बाहेर काढा, मग माझे हात धरा. आम्ही दोघी ओढाओढ करत होतो आणि तिचा मुलगा लाजून दुसरीकडे पाहत होता. बाहेर आल्यावर तिनं दम घेतला. "अपघात वगैरे तर नाई झाला ना बाई या गाडीले? सच बोला. मेरा एकच लडका आहे."

मी तिला तो दिवस सांगितला. सगळा, हॉर्नसकट. ती दाराला धरून उभी होती, ऐकता ऐकता खाली बसली. झाल्यावर तिनं विचारलं, त्या दिवशी गाडीत होतं कोण, आणि त्यातलं वाचलं कोण.

मी म्हटलं, माझी सून होती, मी होते आणि दिवाकर होता. तिघंही वाचलो.